मोरीचा एक्सरे

चौतीस वर्षं तिने परक्या माणसांची हाडं बघितली. इस्पितळाच्या तळघरात, खिडकी नसलेल्या खोलीत, शिशाचा जड एप्रन चढवून ती माणसांना टेबलावर निजवायची, कुणाचा गुडघा सरळ करायची, कुणाची हनुवटी वर उचलायची, आणि आडोशामागे जाऊन एकाच सुरात म्हणायची, "श्वास घ्या. रोखा. सोडा." त्यामुळे तिचं खरं नाव तिथे कुणाच्या तोंडी बसलंच नाही. मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांची ती श्वासरोखे बाई.

बाई कामाला चोख होती आणि मनाने कडक. तिच्या वाटेला गेलेला माणूस ती विसरत नसे. एकदा एका डॉक्टरने गुडघ्याचा फोटो उलटा लावला, उजव्याचा डावा करून बसला, आणि भलत्याच पायाला चाकू लागायच्या बेताला आल्यावर सगळं खापर तिच्या डोक्यावर फोडलं. फोटोवर बाजू कळावी म्हणून शिशाचं छोटं अक्षर ठेवतात. ते अक्षर त्या फोटोत स्पष्ट होतं. बाईने वाद घातला नाही. फोटो कपाटात जपून ठेवला आणि दोन वर्षांनी, त्याच डॉक्टरांच्या बढतीची बैठक होती त्या सकाळी, अधीक्षकांच्या टेबलावर नेऊन ठेवला. डॉक्टर पुढे दुसऱ्या गावी गेले. त्या दिवशी बाई दुपारचा डबा नेहमीपेक्षा सावकाश जेवली, असं सोबतच्या सिस्टर सांगतात.

नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. घरात ती आणि तिची नणंद. नणंद टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, लोण्यासारख्या आवाजाची. आयुष्यभर लोकांना "कृपया थांबा" म्हणून म्हणून तिच्या स्वभावातच थांबणं आलं होतं. दोघी एकमेकींना धरून होत्या. भांडण झालंच तर पंख्याच्या वेगावरून. वहिनीला भरपूर वारा हवा असे, नणंदेला सोसत नसे.

एका मंगळवारी सकाळी सिंकमधलं पाणी जायचं थांबलं. दुपारपर्यंत मोरीच्या जाळीतून काळं पाणी वर आलं आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात पाऊल टाकायची सोय राहिली नाही. उकळतं पाणी ओतून झालं, सोडा टाकून झाला, रबरी पंपाने हात भरून येईपर्यंत दाबून झालं. नेहमीचा प्लंबर मनगट मोडून घरी बसला होता. तेव्हा नणंदेला दाराखालून सरकवलेलं एक पत्रक आठवलं. ‘तुंबलेली मोरी पाचशेत मोकळी. कॅमेऱ्याने तपासणी.’

दुसऱ्या दिवशी नारिंगी गाडी दारात आली. उतरला तो चाळिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला गृहस्थ, घरात शिरताना बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवणारा. नणंदेला तेवढ्यानेच तो आवडला. त्याने लांब केबल पाइपात सारली, टोकाला बोराएवढा कॅमेरा होता, आणि हातातल्या छोट्या पडद्यावर चित्र उमटलं. मातकट, जुनाट पाइप. त्याला आडवी चीर. चिरेतून केसांसारखी मुळं आत लोंबलेली. डाव्या अंगाला सांध्याचा एक टवका उडालेला आणि त्या खाचेत पाण्याचा एक थेंब मण्यासारखा अडकलेला.

"काकू, पाइप गेला तुमचा," तो म्हणाला. "झाडाची मुळं शिरलीत. आज मोकळा करून दिला तरी आठवड्यात परत तुंबेल. खणून बदलावा लागेल."

"सिंकपासून किती अंतरावर आहे ही चीर?" बाईने विचारलं.

तो हसला. वाईट हसला असंही नाही. लहान मुलाकडे बघून हसतात तसं हसला. "काकू, ते तुमच्या लक्षात यायचं नाही. हे डॉक्टरच्या एक्सरेसारखं असतं. ज्याला बघायची सवय त्यालाच समजतं."

आपण कोण, काय, हे सांगायचीही बाईला लाज वाटली, कारण तिला पडद्यावर चीर दिसत होती. चीर होती. चौतीस वर्षांच्या नजरेने तिने ती पाहिली आणि मान हलवली.

पाचशेचे बासष्ट हजार झाले. दोघींनी मिळून एक ठेव ठेवली होती, जिचं आधी काही होईल तिच्या शेवटच्या दुखण्यासाठी. ती मोडली. चार दिवस घरात खणाखणी चालली. नवऱ्याने हौसेने बसवून घेतलेल्या लाल फरश्या फुटल्या, मागच्या बोळात मातीचा ढीग पडला, दोघींनी बाहेरून आणून खाल्लं. शेवटी स्वयंपाकघराच्या मधोमध करड्या सिमेंटचा लांबट पट्टा उरला. गृहस्थाने बिलासोबत ती चिरेची चित्रफीतही बाईच्या फोनवर पाठवली. "पुरावा म्हणून ठेवा," म्हणाला. पाणी मात्र झकास जायला लागलं.

दीड महिन्याने बाई जुन्या सिस्टरांकडे गेली. सिस्टरांचं घर चार गल्ल्या पलीकडे. गप्पा चालल्या होत्या, स्वयंपाकघराचं दार उघडं होतं, आणि बाईची नजर ओट्याखालच्या करड्या पट्ट्यावर गेली.

"तुमचीही मोरी तुंबली होती?"

"अगंबाई, सांगू नका. अठ्ठेचाळीस हजाराला पडली," सिस्टर म्हणाल्या. "त्या नारिंगी गाडीवाल्याने पाइपाचा फोटो दाखवला तेव्हा मी तर लगेच हो म्हटलं. हे बघा, पाठवलाय त्याने."

बाईने चष्मा वर सरकवला आणि फोन हातात घेतला. मातकट पाइप, आडवी चीर, लोंबती मुळं. सांध्याचा टवका उजव्या अंगाला. त्यात मण्यासारखा थेंब. पहिल्यांदा काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा बघताना तो थेंब तिला ओळखीचा वाटला. तिने आपल्या फोनवरची चित्रफीत काढली, दोन्ही फोन टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, आणि सात वेळा पाहिलं. मुळांचे केस तेच. सगळ्यांत लांब मूळ शेवटी दुभंगलेलं, तेही तेच. फक्त डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे.

"उलटा लावलाय," ती म्हणाली.

"काय?"

"फोटो. माझाच फोटो उलटा करून तुम्हाला दाखवलाय. की तुमचा मला. की कुणाचाच नाही."

सिस्टरांना समजायला वेळ लागला. बाईला घरी पोचायलाही वेळ लागला, कारण वाटेत ती दोनदा थांबली. पैसे गेल्याचं तिला तितकं लागलं नव्हतं. आपल्याला फोटो दाखवून फसवलं, फोटो दाखवून, हे एकच वाक्य डोक्यात घण घालत होतं. ज्याला बघायची सवय त्यालाच समजतं, असं तो तिच्या तोंडावर म्हणाला होता, आणि ती मान हलवून मोकळी झाली होती.

तिने मनगट बरं झालेल्या प्लंबरला बोलावलं. त्याने पट्ट्याचं एक टोक फोडलं, हात घातला, आणि पाइप कुठपर्यंत नवा आहे ते चाचपलं. मग म्हणाला, "ताई, नवा पाइप फक्त दोन हात आहे. पुढे सगळा जुनाच. आणि जुना खणखणीत आहे, अजून वीस वर्षं हलणार नाही. तुमच्याकडे कपडा नाहीतर साबणाचा गोळा अडकला असणार. मी तीनशे घेतले असते."

नणंद म्हणाली, "वहिनी, पोलिसात जाऊ या. नाहीतर त्यालाच फोन करू. घाबरून पैसे तरी परत देईल."

"तेच नको मला," बाई म्हणाली. "पैसे परत देईल, हात जोडेल, आणि उद्या दुसऱ्या दारात पुन्हा केबल सारेल. वन्सं, मला त्याच्या हातातला तो पडदा काढून घ्यायचाय. पुन्हा कधी कुणाला ‘हे बघा’ म्हणायची त्याची छाती होता कामा नये."

त्या दिवसापासून बाई रोज सकाळी फिरायला निघू लागली. लोकांना वाटलं, तब्येत सांभाळतेय. ती दारांतून, बोळांतून, उघड्या खिडक्यांतून ताज्या सिमेंटचे पट्टे शोधत होती. पट्टा दिसला की घराचा नंबर वहीत उतरवायची, आणि दुपारी नणंद फोन लावायची. तिच्या आवाजाला नाही म्हणणं अवघडच. "नमस्कार, आपल्याकडे मोरीचं काम झालं होतं ना, समाधानकारक झालं का?" एवढंच विचारायची. पलीकडचं माणूस आपोआप मोकळं व्हायचं. सुरुवातीला नणंदेला हे लबाडीचं वाटायचं. पाचव्या फोननंतर ती स्वतःच वही पुढे ओढायला लागली.

तीन महिन्यांत एकोणीस घरं सापडली. त्यांतल्या अकरांकडे चित्रफीत जपलेली होती. अकराही एकच. सहा सुलट, पाच उलट. इस्पितळाने मोडीत काढलेली एक्सरे बघायची दिव्याची पेटी बाईने निवृत्तीच्या वेळी घरी आणली होती आणि नऊ वर्षं ती माळ्यावर पडून होती. ती खाली आली. पारदर्शक कागदावर छापलेली अकरा चित्रं तिने पेटीवर लावली. संध्याकाळी दिवे लागले की ती खुर्ची ओढून त्या पेटीसमोर बसायची. नणंद म्हणायची, जेवायला चल. ती म्हणायची, आलेच. आणि बसून राहायची.

"त्या माणसाचं तोंड बघायचंय मला," एकदा ती आपणहून म्हणाली. "जेव्हा त्याला कळेल तेव्हाचं."

सापळा प्लंबरच्या घरी लावला. त्याने महिन्यापूर्वीच स्वतःच्या घरात नवी लाइन टाकली होती, सगळी पांढरी प्लास्टिकची, एकही सांधा न गळणारी. त्याने आपल्याच हाताने त्या लाइनीत एक फडकं कोंबलं आणि त्याच्या बायकोने नारिंगी गाडीला फोन केला. बाई, नणंद आणि सिस्टर आतल्या खोलीत पलंगावर रांगेत बसल्या, डॉक्टरकडे नंबर लावून बसतात तशा. दार बोटभर उघडं होतं.

गृहस्थ आला. बुटांवर पिशव्या चढवल्या. केबल सारली, पडद्याची बटणं दाबली, कपाळावर आठी घातली.

"ताई, पाइप गेला तुमचा," तो प्लंबरच्या बायकोला म्हणाला. "हे बघा, मुळं."

बाई उठली आणि बाहेर आली. मागे नणंद, हातात फोन, चित्रण चालू. 

"नमस्कार. मलाही दाखवा."

त्याने तिला ओळखलं की नाही कोण जाणे, पण सवयीने पडदा पुढे केला. "काकू, हे बघा, ही चीर..."

"दिसली. आज टवका डावीकडे आहे. आता केबल बाहेर ओढा."

"अं?"

"केबल. बाहेर ओढा. पडदा तसाच चालू ठेवा."

तो हलला नाही. मग दारात उभा असलेला प्लंबर पुढे आला आणि त्याने शांतपणे केबल ओढायला सुरुवात केली. हात, दोन हात, चार हात. शेवटी काळ्या पाण्याने निथळणारं टोक बाहेर आलं, बोराएवढा कॅमेरा दिवा चमकवत खिडकीकडे तोंड करून प्लंबरच्या मुठीत राहिला. पडद्यावर मात्र अजून मुळं लोंबत होती. थेंब खाचेत तसाच होता.

बाई त्या गृहस्थाच्या चेहऱ्याकडे बघत होती, जवळून, पापणी न हलवता, एखाद्या हाडात बारीक तडा शोधावा तशी. आधी कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग ओठांवरचा रंग गेला. मग त्याने घोट गिळला, आणि गिळताना आवाज झाला. तिने सगळं पाहून घेतलं.

"एक्सरे काढायचे मी," ती म्हणाली. "चौतीस वर्षं."

तिसऱ्या दिवशी तो घरी आला. इस्त्री नव्हती. त्याने टेबलावर जाड पाकीट ठेवलं.

"तुमचे बासष्ट आहेत, वर आठ हजार. सिस्टरांचेही देतो. ते चित्रण आणि कागद मला द्या. काकू, कॅमेऱ्याचं कर्ज अजून फिटलेलं नाही. आई अंथरुणाला खिळलीय. धंदा गेला तर मी रस्त्यावर येईन."

नणंद पाकिटाकडे बघत होती. त्यात निम्मे तिचे होते. बाईला ते दिसत होतं.

"बाकीच्या सतरा घरांचं काय?" बाईने विचारलं.

"एकेक करून देईन."

"द्या. पण ते मी सांगते म्हणून नको, हुकूम झाला म्हणून द्या." तिने पाकीट एका बोटाने त्याच्याकडे सरकवलं. "उचला."

"वहिनी," नणंद हळूच म्हणाली, "एकदा आत ये. दोन मिनिटं."

"वन्सं, आत नको. जे आहे ते इथेच."

तो गेल्यावर नणंदेने पंखा बंद केला, आपल्या खोलीत गेली आणि बारा दिवस वहिनीशी कामापुरतंच बोलली. तेराव्या दिवशी म्हणाली, "माझे एकतीस हजार होते. मला विचारायला हवं होतंस."

"हो," बाई म्हणाली. "पण तुम्ही ‘घ्या’ म्हणाला असतात."

"म्हणूनच विचारायचं होतं."

त्याच आठवड्यात बाई एकोणीस घरांच्या सह्या घेऊन ग्राहक तक्रारीच्या कचेरीत गेली. सुनावणीला दिव्याची पेटी काखेत मारून नेली. अधिकाऱ्याने आधी नाक मुरडलं, मग उठून पेटीजवळ आला, मग चष्मा लावून वाकला. बाईने छडीने दाखवलं, हा सुलट, हा उलट, हे मूळ इथे दुभंगतं, इथेही, इथेही. तिचा आवाज तळघरातल्या खोलीतल्यासारखा सपाट होता. तासाभराने गृहस्थाच्या वकिलाने फाइल मिटली.

निकाल सात महिन्यांनी लागला. परवाना रद्द, सगळ्यांची भरपाई. पण भरपाई द्यायला त्याच्याकडे काही उरलंच नव्हतं. वकील, कर्ज, व्याज, सगळं त्याला खाऊन बसलं होतं. गाडी आणि कॅमेरा लिलावात निघाले. जे आलं ते एकोणीस घरांत वाटलं गेलं, आणि दोघींच्या वाट्याला मिळून साडेअकरा हजार आले. नणंदेने आपला वाटा मोजला नाही, नुसता कपाटात टाकला. पाकीट घेतलं असतं तर सत्तर हजार आले असते, हे तिने एकदाही बोलून दाखवलं नाही. त्या न बोलण्याचाच बाईला त्रास व्हायचा.

लिलावाला बाई गेली होती. तिला काही घ्यायचं नव्हतं. शेवटच्या रांगेत बसून तिने कॅमेरा विकला जाताना पाहिला, पडदा विकला जाताना पाहिला, गाडीच्या किल्ल्या एका भाजीवाल्याच्या हातात जाताना पाहिल्या. गृहस्थ भिंतीला टेकून उभा होता. त्याने एकदा तिच्याकडे बघितलं आणि मान वळवली. त्या रात्री तिला लागलेली झोप निवृत्तीनंतरची सगळ्यांत गाढ झोप होती. याबद्दल तिला कधी वाईट वाटलं नाही, वाटावं असं तिला वाटलंही नाही.

वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. सकाळी फिरायला निघालं तर शोधायला काही नसे. वही भरून संपली होती. पेटी पुन्हा माळ्यावर गेली. घर एकदम ओस पडल्यासारखं झालं.

पाच महिन्यांनी, बाजाराच्या मागच्या रस्त्यावर, रंगाच्या दुकानात तिला तो दिसला. गल्ल्यावर नव्हे, काउंटरच्या आत, अंगात दुकानाचा निळा अंगरखा, कुणाला तरी ब्रशांचे आकार दाखवत होता. बाई आत शिरली आणि रांगेत उभी राहिली. तिचा नंबर आला तेव्हा त्याने वर पाहिलं.

"पॉलिश पेपर द्या," ती म्हणाली. "एक."

त्याने दिला. तिने मुद्दाम मोठी नोट काढली. तो सुटे मोजत असताना ती त्याच्या बोटांकडे बघत राहिली. एकदा मोजून झाल्यावर म्हणाली, "परत मोजा. आमच्यासारख्यांच्या लक्षात येत नाही." त्याने परत मोजले.

घरी आल्यावर तिने नणंदेला सांगितलं. नणंद भाजी निवडत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"वहिनी, झालं ना आता? सगळं गेलं त्याचं. अजून काय हवंय?"

"पॉलिश पेपर," बाई म्हणाली, आणि नणंदेला हसू आलं नाही.

दुसऱ्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती पुन्हा गेली. पुन्हा एक पॉलिश पेपर, पुन्हा मोठी नोट. तिसऱ्या महिन्यात गेली तेव्हा काउंटरवर दुसराच माणूस होता.

"ते निळ्या अंगरख्यातले गृहस्थ कुठे आहेत?"

दुकानदार गल्ल्यावरून म्हणाला, "त्याने मागच्या गोदामात काम मागून घेतलंय, बाई. पुढे उभं राहणं जमत नाही म्हणाला. तुम्हाला काय हवं ते हा देईल."

बाई गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर बसली आणि तिने पर्स मांडीवर घेतली. दुपारचं दुकान रिकामं होतं. टर्पेंटाइनचा वास येत होता. मागच्या दारापलीकडे डबे एकावर एक रचल्याचा आवाज येत होता, आणि मग तो आवाज थांबला.

"त्यालाच बोलवा," ती म्हणाली. "मला घाई नाही."